न वाजलेली घंटा

गल्लीत त्याला सगळे टॉवर म्हणत. उंची हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं होतं. अधूनमधून हा भला माणूस घराबाहेर पडायचा, काडेपेटीएवढा हिरवा बोर्ड उजव्या हातात धरून तो हात डोक्याच्या वर न्यायचा आणि तसाच रस्त्याच्या कडेने चालत सुटायचा. दुधाचं दुकान, शाळेची भिंत, पाण्याची टाकी. मधेच थांबायचा, वळून आपल्याच घराच्या खिडकीकडे बघायचा आणि पुन्हा चालू लागायचा. नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, बिचाऱ्याचं काहीतरी बिनसलंय. जुने लोक त्यांची समजूत घालायचे, अहो, तो त्यांचा धंदा आहे.

धंदाच होता तो. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नवरा-बायको मिळून बिनतारी बोर्ड बनवत. बोर्डावर एक चिप, नाण्याएवढी बॅटरी आणि बोटभर तारेची अँटेना. एवढ्याशा बॅटरीवर वर्ष काढायचं म्हणजे बोर्डाला हळू बोलावं लागतं, ओरडायची मुभा नसते. त्यामुळे या धंद्यात सगळी मारामारी रेंजची. बोलणं पोचतं कुठवर? कुणाला कारखान्यातल्या टाकीची पातळी बसल्या जागी कळायला हवी असायची, कुणाला शीतगृहातलं तापमान. आराखडा तिचा, चालणं त्याचं. ती खिडकीत बसायची, समोर दुसरा बोर्ड. संदेश आला की त्याचा दिवा लुकलुकायचा. दिवा थांबला की ती पिवळा टॉवेल हलवायची आणि तो जिथे असेल तिथे रस्त्यावर खडूने रेघ मारायचा. तिची लांबची नजर कच्ची. "अहो, हात वर धरा, माणसांत दिसत नाही तुम्ही," असं तिने लग्नानंतर लवकरच सांगितलं होतं, आणि त्याने तो शब्द कधी खाली पडू दिला नाही. बायकोचं इतकं ऐकणारा नवरा म्हणून गल्लीने त्याची यथेच्छ थट्टा केली. त्यालाही ती आवडायची.

ती स्वतः मात्र ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. बोर्डावरचा एखादा सांधा मनासारखा झाला नाही की सरळ उखडून टाकायची, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. "चालतंय की," असं तो म्हणाला तर म्हणायची, "चालतंय, पण मला दिसतंय ना." भांडणं व्हायची ती अशीच, कुठल्या तरी तारेच्या लांबीवरून. शेजारच्यांना वाटायचं, घर मोडतंय की काय. तासाभराने दोघं एकाच भिंगाखाली डोकी घालून बसलेली असायची.

मग तिचं हृदय दुबळं झालं. डॉक्टरांनी खाटेपासून खुर्चीपर्यंत एवढंच जग तिला ठेवलं. तेवढ्याशा जगात तिने शेवटचा बोर्ड आखला. गळ्यात अडकवायचं बटण. दाबलं की दुसऱ्या खोलीत घंटा वाजणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. "आजारी माणसाला हाक मारायची ताकद नसते," ती म्हणायची, "आणि ताकद असली तरी दर वेळी हाक मारायची लाज वाटते. बटणाला लाज नसते." पहिला नग तिने स्वतःच्याच गळ्यात घातला. घंटा त्याच्या कामाच्या टेबलावर, कोपराशी. पाणी हवं असलं की वाजायची, उशी सरकली की वाजायची. एखाद्या आकड्यावरून वाद उकरून काढायचा असला तरीही वाजायची.

एका दुपारी तो चहा घेऊन आत गेला तर ती भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर झोपली होती. उठली नाही. बटण तिच्या अंगाखाली होतं. डॉक्टर म्हणाले, "बहुधा झोपेतच गेल्या." त्यातला 'बहुधा' त्याच्या कानावरून तसाच गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगायचा. "त्रास झाला नाही तिला. घंटा वाजली नाही ना. काही झालं असतं तर तिने दाबलं असतं, मी तिथेच बसलो होतो." नातेवाइकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वीज मंडळाच्या माणसालासुद्धा सांगितलं, आणि तो बिचारा मीटर बघायला आला होता. लोक मान डोलवत. कोण कशाला नाही म्हणेल? त्या एका न वाजलेल्या घंटेवर हा माणूस उभा होता. तिला तहान लागली नाही, भीती वाटली नाही, तिने आपल्याला बोलावलं आणि आपण गेलो नाही असं झालं नाही. याच्या आधारावर त्याला जेवण जात होतं आणि झोप येत होती.

ती गेल्यावर मुलगी आपली नोकरी सोडून वर्कशॉपमध्ये आली. आईसारखीच कामाला वाघ, आईसारखीच फटकळ. तिच्या हाताखालून बटणांची पहिली मोठी खेप गेली ती गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका टोकाला परिचारिकांचं टेबल. तिथे सगळी माणसं अशीच, ज्यांचं उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातात. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"टोकाच्या खोल्यांतून घंटा येतच नाही हो," त्या म्हणाल्या. "मधल्या खोल्यांतून येते, पण तीही लहर लागेल तशी. या महिन्यात नीट करून द्या, नाहीतर आम्हाला दुसरीकडून घ्यावी लागतील."

मुलीने फोन ठेवला आणि लगेच म्हणाली, "बाबा, आपण तयार मॉड्यूल घेऊ बाहेरून. डबी आपली, आतलं सगळं नवीन. आईचा बोर्ड राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे ठेवून देऊ. कपाटात."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"वाईट नाही म्हणत मी. पण आता महिनाभर त्याच्यामागे डोकं फोडत बसायचं का?"

त्याला राग आला. आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्ट बदलून टाकायची घाई, असं काहीतरी तो पुटपुटला. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. हा बोर्ड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचत नसेल, तर मग... पुढचं वाक्य त्याने मनातल्या मनातही पुरं केलं नाही. बोर्ड चांगलाच असायला हवा होता. केंद्रासाठी नाही, स्वतःसाठी.

केंद्रातून परत आलेली बटणं घेऊन तो टेबलाशी बसला. एकेक डबी उघडली. बॅटरी मोजली, भरलेली. सांधे भिंगाखाली पाहिले, कुठे भेग नाही, कुठे सोल्डर कमी नाही. अँटेनाची तार बायकोने सांगितली होती तेवढीच, केसभरही इकडेतिकडे नाही. बोलणारा आणि ऐकणारा बोर्ड एकाच सुरावर आहेत ना, तेही तपासलं, जुळले होते. प्रत्येक गोष्ट बरोबर निघत गेली तसा त्याला धीर येत गेला. दोन दिवस त्याने मुलीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि तिनेही विषय काढला नाही. आई असती तर एव्हाना दोनदा भांडण झालं असतं.

शेवटी तो म्हणाला, "चल, चालून बघतो. खिडकीत बस."

"बाबा, आता कशाला?"

"टॉवेल घेऊन बस."

बायको गेल्यापासून तो रस्त्यावर असा निघाला नव्हता. त्याने बोर्ड हातात घेतला, हात वर केला आणि चालू लागला. दूधवाल्याने काउंटरवरूनच हात केला. शाळेच्या भिंतीशी थांबून त्याने मागे पाहिलं, खिडकीत मुलगी बसलेली, टॉवेल हातातच. पाण्याची टाकी आली. टाकीशी बायकोच्या हयातीतल्या खडूच्या रेघा कधीच पुसून गेल्या होत्या, पण जागा त्याला पाठ होती. टाकी ओलांडली, तरी टॉवेल हलला नाही. पुढच्या वळणावरच्या सायकलवाल्यापर्यंत गेला तेव्हा कुठे खिडकीत पिवळं काहीतरी हललं. त्याने खाली बसून रेघ मारली. उठताना डोळे भरून आले होते आणि सायकलवाला विचारत होता, "काका, चक्कर येतेय का?"

चक्कर कसली, त्याचा जीव भांड्यात पडला होता. घरात शिरता शिरता तो म्हणाला, "बघितलंस? टाकीच्याही पुढे. आणि हे म्हणे बोळाच्या टोकापर्यंत पोचत नाही."

मुलगी टॉवेलची घडी घालत होती. "केंद्रात कुणी रस्त्याने चालत नाही, बाबा," ती हळूच म्हणाली.

"भिंती आडव्या येत असतील. उद्या जाऊन बघतो."

"मी जाते. तुम्ही नका जाऊ."

इतक्या पटकन म्हणाली की त्याने वळून पाहिलं. पण ती तोवर दुसऱ्या कामाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तोच गेला. मोठ्या सिस्टर त्याला बोळाच्या टोकाच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकी, लोखंडी खाट, पत्र्याचं कपाट आणि एक स्टूल. खाटेवर एक बाई कुशीवर झोपलेल्या. या निवृत्त मास्तरीणबाई. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं संथ, पण प्रत्येक शब्द मोजून टाकलेला. त्याने त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या गळ्यातलं बटण काढलं, खाटेशेजारी उभं राहून नेहमीसारखा हात वर केला आणि दाबलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजली.

"बघा," तो सिस्टरांना म्हणाला. आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही.

"आता माझ्याकडे द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याने बटण त्यांच्या गळ्यात अडकवलं. ते पांघरुणाखाली, छाती आणि गादीच्या मध्ये जाऊन बसलं. त्यांनी चांगल्या हाताने चाचपून ते दाबलं. घंटा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. त्याने बटण काढून घेतलं, हात वर केला, दाबलं, वाजली. त्यांच्या गळ्यात घातलं, नाही. असं त्याने कितीदा तरी केलं. शेवटी सिस्टरही अवघडून बोळाकडे बघायला लागल्या.

"तुम्ही हात वर करता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सवय आहे हो."

"मलाही करता आला असता, तर हे लोढणं गळ्यात कशाला बांधून घेतलं असतं?"

सिस्टरांना हसू आलं. तो हसला नाही. हात अजून वरच होता, तो त्याने खाली घेतला.

त्याला हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी असल्या लहरी पिऊन टाकतं. अँटेना अंगाला चिकटली की तिचा सूरही बिघडतो. खाली लोखंडी खाट असली तर बघायलाच नको. या धंद्यातलं हे पहिल्या धड्यातलं ज्ञान, आणि ते त्याच्या बायकोलाही तोंडपाठ होतं. पण सगळं आयुष्य दोघांनी रेंज मोजली ती रस्त्यावर, उघड्या हवेत, त्याच्या वर केलेल्या हातात. बटण तयार झालं तेव्हा तिने ते गळ्यात घालून दाबलं, ते खुर्चीत ताठ बसून. वाजलं, दोघं खूश झाले. कुशीवर झोपलेलं, बटण अंगाखाली दबलेलं माणूस त्यांच्या एकाही चाचणीत नव्हतं. ज्याच्यासाठी बटण केलं, नेमकं तेच माणूस त्यांनी धरलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट दोन शहाण्या माणसांच्या नजरेतून सुटली, कारण एकाला हात वर करायची सवय होती आणि दुसरीला तो हात बघायची.

आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर ती आली. भिंतीकडे तोंड, डावी कूस, बटण अंगाखाली. तो स्टुलावर बसला.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"शाळेत मुलं अशीच म्हणायची, काही नाही. आणि खिशात फुटलेली दौत असायची."

सिस्टर त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या. त्याची समजूत काढायला म्हणून म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. मधल्या खोल्यांचंच काय ते बघा. टोकाच्या खोल्यांचा फारसा प्रश्न नाही तसा. बिघाड कळायच्या आधीही या लोकांच्या घंटा फार येतच नव्हत्या. आम्ही म्हटलं, बरी आहेत माणसं, काही लागत नसेल."

त्या जे म्हणत होत्या ते त्याचंच वाक्य होतं, त्याने दारावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं. त्यावर मान डोलवून उठणं सोपं होतं. मॉड्यूल बदलतो म्हणायचं, बोर्ड कपाटात ठेवायचा आणि घरी जाऊन पुन्हा तेच सांगत बसायचं. कुणी विचारणार नव्हतं. पण खाटेवरची बाई त्याच्याकडे बघत होती.

"नाही सिस्टर," तो म्हणाला. त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "घंटा आली नाही म्हणजे बोलावलं नाही, असं धरू नका. त्यांनी बोलावलं असेल. आमचं बटण पोचलं नसेल. नीट होईपर्यंत या खोल्यांत कुणीतरी सारखं येऊन बघायला हवं."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे इतके दिवस..."

"मी दाबत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही कंटाळलात."

सिस्टरांनी पुढे होऊन त्यांची उशी नीट केली, जी नीटच होती.

घरी येईपर्यंत त्याने स्वतःला सावरून धरलं. मुलगी टेबलाशी होती. त्याचा चेहरा बघताच तिने हातातलं सोल्डरिंगचं पेन स्टँडवर ठेवलं.

"अंगाखाली गेलं की पोचत नाही," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. ते त्याला आत्ता दिसलं. तयार मॉड्यूल घेऊ, कपाटात ठेवू, मी जाते, तुम्ही नका जाऊ. हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"तुला माहीत होतं."

तिने मान खाली घातली. "आई गेली त्याच आठवड्यात मी करून पाहिलं होतं. तुम्ही बँकेत गेला होतात. आईच्या खाटेवर झोपले, तशीच, आणि दाबलं. घंटेशी फोन ठेवला होता, आवाज टिपायला."

"मग?"

"कधी वाजली, कधी नाही. थोडं जरी हललं ना, की फरक पडतो. काहीच सांगता येत नाही, बाबा. दाबलंच नसेल तिने. खरंच झोपेत गेली असेल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? तुम्ही येईल त्याला तेच सांगत होतात. मीटरवाल्याला सांगितलंत. मी आत उभी राहून ऐकत होते." तिचा आवाज फुटला. "म्हटलं, बोर्डच गेला घरातून की प्रश्नच मिटेल. कुणी तपासणार नाही."

इतके दिवस ती एकटीच हे पोटात घेऊन वावरली होती, आणि तो तिच्यावर चिडत होता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा, जरा जास्तच जड. मग तो आतल्या खोलीत गेला.

बायकोची खाट तशीच होती. तो डाव्या कुशीवर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. पाय खाटेबाहेर आले. ही खाट तिच्या मापाची. बटण अंगाखाली घेतलं आणि दाबलं. पुढच्या खोलीत काही वाजलं नाही. स्वयंपाकघरात नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. इथून भिंतीवरचा एक पोपडा दिसत होता, जो त्याने कधी पाहिला नव्हता. तिने तो रोज पाहिला असणार. त्याने पुन्हा दाबलं. नाही. मग तो रडला, उशीत तोंड घालून, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि रडताना अंग हललं असावं, बोट बटणावरच होतं, कारण पुढच्या खोलीत घंटा खणखणीत वाजली.

मुलगी धावत आली. दारात उभी, धापा टाकत. तिला माहीत होतं की आत बाबा आहेत, बटण तपासताहेत, काही झालेलं नाही. तरी धावत आली.

"तू कशाला पळालीस?" त्याने विचारलं.

"वाजली ना," ती म्हणाली.

तो उठून बसला. त्या दुपारी वाजली असती तर तोही असाच पळाला असता, हातातलं सगळं टाकून. याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि बायकोलाही नसणार, कारण ती त्याला ओळखून होती. पण तिने वाट पाहिली का, आणि पाहिली असेल तर ती काय समजून गेली, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. ते न कळणं घेऊनच पुढचे दिवस काढायचे होते. त्यानंतर त्याने कुणालाही 'घंटा वाजली नाही ना' असं सांगितलं नाही.

कामाला मात्र दुसऱ्या दिवशीच सुरुवात झाली. बाहेरचं मॉड्यूल आणलं असतं तरी माणसाच्या अंगाखाली त्याचीही हीच गत झाली असती, तेव्हा बोर्ड बायकोचाच ठेवला. अँटेनाची तार डबीतून काढून गळ्यातल्या पट्टीत, खांद्याच्या वरच्या बाजूला नेली. केंद्राच्या बोळात मधे मधे ऐकून पुढे सांगणारे बोर्ड बसवायचं ठरलं. पण त्याचं समाधान होईना. त्याच्या डोक्यात ते वाक्य बसलं होतं, तुम्ही कंटाळलात असं वाटायचं.

"दाबणाऱ्याला कळलं पाहिजे," तो मुलीला म्हणाला. "पोचलं की नाही, त्याला तिथेच कळलं पाहिजे."

बायकोच्या बोर्डावरच्या चिपला ऐकताही येत होतं. बॅटरी वर्षभर पुरावी म्हणून ते ऐकणं नवरा-बायकोने मिळून बंद ठेवलं होतं. बटण एकदा हाक मारायचं आणि झोपी जायचं. आता बापलेकीने ते चालू केलं. बटण दाबलं की उत्तर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा हाक मारणार. आणि टेबलावरच्या परिचारिकेने 'येते' म्हणून तिच्याकडचं बटण दाबलं, की रुग्णाच्या गळ्यात बारीकसा हिरवा दिवा लागणार. बॅटरी निम्म्या वेळात संपेल, असं मुलीने हिशेब करून सांगितलं.

"संपू दे. बदलतील."

आणि यावेळी रेंज मोजली ती झोपून. उताणं, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पालथं, बटण अंगाखाली, लोखंडी खाट, वर दोन पांघरुणं. वेगवेगळ्या अंगाची माणसं हवीत म्हणून दूधवाल्यालाही झोपवलं, कारण त्याच्या पोटाचा घेर टॉवरच्या दुप्पट होता. गल्लीत लगेच बातमी पसरली की टॉवर आडवा झाला. डबीवर जो आकडा छापला तो पूर्वीच्या मानाने अगदीच किरकोळ होता, पाण्याच्या टाकीच्या जवळपासही न जाणारा. मुलीने तो कागद त्याच्यापुढे धरला तेव्हा त्याला क्षणभर वाईट वाटलं, कारण जुना आकडा बायकोच्या हातचा होता. मग त्याने छापायला सांगितलं.

केंद्रात सगळं नव्याने बसवून झालं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. टोकाच्या खोल्यांतून घंटा येऊ लागल्या, आणि इतक्या येऊ लागल्या की तिथल्या मुलींच्या नाकी नऊ आले. एके सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. मुलीने उचलला, ऐकत राहिली आणि मग फोनवर हात ठेवून त्याच्याकडे वळली.

"त्या मास्तरीणबाईंची तक्रार आहे, बाबा. दिवसभर दाबत बसतात म्हणे. मुली धावत जातात तर काही नको असतं. विचारलं तर म्हणतात, दिवा लागतो का ते बघत होते. काहीतरी करता येईल का विचारताहेत. दाबण्यावर काही मर्यादा वगैरे. काय सांगू?"

तो भिंगाखाली एक सांधा करत होता. त्याने मान वर केली नाही.

"सांग, दाबू देत," तो म्हणाला. "काही नको असलं तरी दाबू देत. आणि दर वेळी दिवा लावायचा. दर वेळी."

मुलीने तसंच सांगितलं. सिस्टर पलीकडून काहीतरी बोलत राहिल्या, ती हो हो म्हणत राहिली. त्याने पेन स्टँडवर ठेवलं आणि तिचं बोलणं संपायची वाट बघत बसून राहिला.